एका कंपनीच्या दोन होतात तेव्हा: स्पिन-ऑफबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादी मोठी कंपनी आपला एक व्यवसाय वेगळा काढणार, अशी बातमी आली की शेअर बाजारात उत्साह पसरतो. दोन्ही कंपन्या आता मोकळेपणाने वाढतील, भागधारकांचं भलं होईल, असं सांगितलं जातं. पुष्कळदा ते खरंही ठरतं. पण अशाच थाटात जन्मलेल्या काही कंपन्या दोन-चार वर्षांत दिवाळखोरीत गेल्या आणि त्यांच्याबरोबर हजारो निवृत्त कामगारांचे उपचारखर्चही टांगणीला लागले. म्हणून पुढच्या उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: वाटणी कशी झाली ते पाहा. कमाई कोणाकडे गेली, कर्ज कोणाच्या गळ्यात पडलं आणि जुन्या जबाबदाऱ्या कोणाच्या नावावर लिहिल्या गेल्या, यावर बाकीचं जवळजवळ सगळं ठरतं.

स्पिन-ऑफ म्हणजे नेमकं काय होतं?

मूळ कंपनी आपला एखादा व्यवसाय स्वतंत्र कंपनीत हलवते आणि त्या नव्या कंपनीचे शेअर आपल्याच भागधारकांना, ज्याच्याकडे जितके शेअर असतील त्या प्रमाणात, वाटून टाकते. भागधारकाला एक पैसाही भरावा लागत नाही. ठरलेल्या रेकॉर्ड डेटला त्याच्या नावावर मूळ कंपनीचे शेअर असले की नव्या कंपनीचे शेअर आपोआप खात्यात येतात. पुढे दोन्ही कंपन्यांचं संचालक मंडळ वेगळं, ताळेबंद वेगळा आणि बाजारातला भावही वेगळा.

जनरल इलेक्ट्रिकचं उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २०२१ मध्ये या कंपनीने आपण तीन कंपन्यांत विभागले जाणार असल्याचं जाहीर केलं. जानेवारी २०२३ मध्ये जीई हेल्थकेअर वेगळी झाली. मूळ कंपनीच्या दर तीन शेअरमागे तिचा एक शेअर मिळाला. एप्रिल २०२४ मध्ये वीजनिर्मितीचा व्यवसाय जीई व्हर्नोव्हा या नावाने बाहेर पडला. त्या वेळी दर चार शेअरमागे एक. मागे उरला तो विमानांच्या इंजिनांचा व्यवसाय, म्हणजे जीई एरोस्पेस.

डीमर्जर आणि स्पिन-ऑफ एकच का?

रोजच्या बोलण्यात हो. कायद्याच्या भाषेत देशागणिक बारकावे बदलतात, पण भागधारकाच्या हाती येणारं फळ बहुतेक वेळा सारखंच असतं.

मग व्यवसाय सरळ विकून का टाकत नाहीत?

विकला तर कंपनीला रोख रक्कम मिळते, पण नफ्यावर कर बसतो आणि तो व्यवसाय पुढे वाढला तर त्या वाढीत जुन्या भागधारकाचा वाटा राहत नाही. शिवाय योग्य भाव देणारा खरेदीदार मिळावा लागतो. स्पिन-ऑफला खरेदीदारच लागत नाही.

या दोहोंच्या मधल्या वाटाही आहेत. कधी कंपनी आधी थोडे शेअर आयपीओतून, म्हणजे पहिल्या जाहीर विक्रीतून, लोकांना विकते आणि उरलेले नंतर वाटते. फेरारीचं तसंच झालं: ऑक्टोबर २०१५ मध्ये आयपीओ आला आणि जानेवारी २०१६ मध्ये फियाट क्रायसलरने आपल्याकडचे शेअर भागधारकांना वाटून फेरारी पूर्ण वेगळी केली. कधी भागधारकासमोर अदलाबदलीचा पर्याय ठेवला जातो: मूळ कंपनीचे शेअर परत द्या आणि नव्या कंपनीचे घ्या. जॉन्सन अँड जॉन्सनने २०२३ मध्ये केनव्ह्यू ही कंपनी वेगळी काढताना आधी आयपीओ आणला आणि मग हा दुसरा मार्ग वापरला. त्यात भागधारकाला निर्णय घ्यावा लागतो. साध्या स्पिन-ऑफमध्ये काहीच करावं लागत नाही.

खात्यात नवे शेअर आले, म्हणजे मी तेवढा श्रीमंत झालो का?

नाही. मूळ कंपनीचा शेअर १०० वर असेल आणि २० मोलाचा व्यवसाय बाहेर पडला, तर मूळ शेअर साधारण ८० च्या आसपास येतो. हातात ८० आणि २० असे दोन कागद, बेरीज तीच. भाव ‘पडला’ म्हणून घाबरून विकणारे आणि ‘फुकट शेअर मिळाले’ म्हणून आनंदणारे, दोघांचाही हिशेब इथे चुकतो. खरा फायदा झालाच तर तो पुढे, दोन्ही कंपन्या एकत्र असताना जमल्या नसत्या अशा गोष्टी करू लागल्या, तर होतो.

अशा कोणत्या गोष्टी एकत्र असताना जमत नाहीत?

पहिली आणि माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पैशाची वाटणी. मोठ्या समूहात दर वर्षी भांडवलासाठी विभागांची आपसात रस्सीखेच चालते. जो विभाग भरपूर कमावतो त्याचा पैसा रखडलेल्या विभागाला तगवण्यात जातो, कारण रखडलेल्या विभागाचा प्रमुखही त्याच टेबलाशी बसलेला असतो आणि त्याला नाही म्हणणं अवघड असतं. वेगळं झाल्यावर ही भीड संपते. ज्या धंद्यात संधी आहे तिथे पैसा लागतो, जिथे नाही तिथला आटतो.

दुसरी गोष्ट, ग्राहक आणि भागीदार. पेपाल ही ऑनलाइन पैसे देण्याची सेवा ईबे या ऑनलाइन बाजाराच्या पोटात होती तोवर ईबेशी स्पर्धा करणाऱ्या दुकानदार संकेतस्थळांना तिच्याशी करार करताना संकोच वाटणं साहजिक होतं. आपल्या व्यवहारांची माहिती प्रतिस्पर्ध्याच्या घरात कोण ठेवेल? ईबेने पेपाल २००२ मध्ये सुमारे दीड अब्ज डॉलरला घेतली होती. २०१४ च्या सुरुवातीला गुंतवणूकदार कार्ल आयकान यांनी ती वेगळी काढण्याची मागणी केली तेव्हा ईबेच्या व्यवस्थापनाने ठाम विरोध केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच व्यवस्थापनाने विभाजन जाहीर केलं. जुलै २०१५ मध्ये पेपाल स्वतंत्र झाली आणि बाजारात उतरली तेव्हाच तिचं बाजारमूल्य ईबेपेक्षा जास्त होतं.

तिसरी गोष्ट, माणसं. दहा व्यवसायांच्या समूहात एका विभागाच्या प्रमुखाला मिळणारे शेअर हे साऱ्या समूहाचे असतात. त्याने जीव तोडून काम केलं तरी त्या भावात त्याच्या कामाचं प्रतिबिंब जेमतेम पडतं. स्वतंत्र कंपनीत ते थेट दिसतं, आणि चूकही तितकीच थेट दिसते.

चौथी, गुंतवणूकदारांची आवड. काहींना ठरलेल्या वेळी भरघोस लाभांश हवा असतो, काहींना वेगाने वाढणारा धंदा. दोन्ही स्वभावाचे व्यवसाय एकाच शेअरमध्ये बांधले की कोणाचंच पुरतं समाधान होत नाही. ॲबटने १ जानेवारी २०१३ रोजी संशोधनावर आधारलेल्या औषधांचा व्यवसाय ॲबव्ही म्हणून वेगळा केला, त्यामागे हे एक कारण होतं. वैद्यकीय उपकरणं, तपासण्या आणि पोषण असा पसारा ॲबटकडे राहिला. ॲबव्हीच्या विक्रीचा जवळपास निम्मा भार तेव्हा हुमिरा या एका औषधावर होता आणि त्याचं पेटंट संपल्यावर काय, ही धास्ती सगळ्यांना होती. ज्याला ती जोखीम नको होती त्याला ॲबटमध्ये राहता आलं, ज्याला झेपत होती त्याला ॲबव्हीमध्ये. ॲबव्हीने नवी औषधं आणली, २०२० मध्ये ॲलर्गन विकत घेतली आणि बाजारमूल्यात ती ॲबटच्याही पुढे गेली.

अनेक धंदे असलेल्या कंपनीला बाजार कमी भाव देतो, हे खरं आहे का?

बऱ्याच अंशी दिसतं तसं. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात असा निष्कर्ष होता की अनेक धंद्यांत पसरलेल्या कंपन्यांचं मूल्य, तेच धंदे स्वतंत्र असते तर झालं असतं त्यापेक्षा सरासरी १३ ते १५ टक्क्यांनी कमी असतं. पुढच्या दशकात इतर संशोधकांनी त्यावर रास्त आक्षेप घेतला: ज्या कंपन्या अनेक धंद्यांत शिरतात त्या मुळातच मागे पडलेल्या असतात, आणि म्हणूनच नवी वाट शोधत असतात. म्हणजे कमी भाव हा पसाऱ्याचा परिणाम नसून आधीच्या दुखण्याची खूण असू शकतो. तसं असेल तर नुसतं विभागून दुखणं बरं होत नाही. विभाजनाच्या सादरीकरणात ‘तुकड्यांची बेरीज संपूर्णापेक्षा मोठी’ असं दाखवणारा तक्ता आला की हा आक्षेप आठवावा.

आजवरचा अनुभव काय सांगतो?

घोषणेच्या सुमारास मूळ कंपनीच्या शेअरला सरासरी तीनेक टक्क्यांची जादा वाढ मिळते, हे १९८० च्या दशकापासूनच्या अमेरिकी अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे. १९९३ मधल्या एका अभ्यासाने १९६५ ते १९८८ या काळातली विभाजनं तपासली. नव्या आणि मूळ, दोन्ही प्रकारच्या कंपन्यांनी पुढची तीन वर्षं बाजारापेक्षा चांगला परतावा दिला, असं त्यात दिसलं.

हा निष्कर्ष सगळीकडे उद्धृत होतो. त्याच अभ्यासातली दुसरी ओळ मात्र क्वचितच सांगितली जाते, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते: हा जादा परतावा मुख्यतः अशा कंपन्यांत होता ज्यांना पुढे कोणीतरी ताब्यात घेतलं किंवा ज्या अशा व्यवहारांत सापडल्या. सुटसुटीत झालेली कंपनी गिळायला सोपी असते आणि तिला घेणारा बाजारभावापेक्षा जास्त मोजतो. म्हणजे फायद्याचा मोठा हिस्सा कारभार सुधारल्यामुळेच आला, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. सरासरीत बुडालेल्या कंपन्याही असतात, हेही विसरू नये.

नव्या कंपनीचा शेअर सुरुवातीला बऱ्याचदा घसरतो. धंदा वाईट म्हणून का?

अनेकदा धंद्याचा काहीच संबंध नसतो. ज्यांनी तो शेअर मागितला नव्हता अशांच्या हातात तो पडलेला असतो. निर्देशांकानुसार चालणाऱ्या फंडाला, नवी कंपनी त्या निर्देशांकात नसेल तर, भाव न बघता विकावंच लागतं. मोठ्या कंपन्यांतच गुंतवायचं असा नियम असलेला फंड छोटी कंपनी ठेवू शकत नाही. लाभांशासाठी शेअर घेतलेल्याला लाभांश न देणारी कंपनी नको असते.

रिलायन्सपासून वेगळ्या झालेल्या जिओ फायनान्शियलच्या वेळी हे स्पष्ट दिसलं. २० जुलै २०२३ रोजी खास सत्र घेऊन तिचा भाव २६१.८५ रुपये ठरवला गेला. २१ ऑगस्टला ती सूचिबद्ध झाली आणि निर्देशांक फंडांच्या विक्रीपुढे सलग काही सत्रं लोअर सर्किटला, म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त जिथवर घसरू दिला जातो त्या मर्यादेला, अडकली. ठरल्या दिवशी निर्देशांकातून तिला बाहेर काढणंही या सर्किटमुळेच पुढे ढकलावं लागलं. त्या दिवसांत कंपनीच्या कामकाजात काहीही बिघडलेलं नव्हतं.

याच सक्तीच्या विक्रीत संधी शोधणारे गुंतवणूकदार असतात. त्यांचं गणित चुकीचं नाही, पण घसरलेला प्रत्येक नवा शेअर स्वस्त असतो असं मानणं धोक्याचं आहे. काही शेअर घसरतात ते त्यांच्या पदरात काय बांधलं गेलंय हे बाजाराला कळल्यामुळे.

पदरात काय बांधलं जाऊ शकतं?

हा स्पिन-ऑफचा सगळ्यात गंभीर तोटा, म्हणून जरा सविस्तर.

विभाजनाच्या आदल्या दिवसापर्यंत नवी कंपनी पूर्णपणे मूळ कंपनीच्या ताब्यात असते. वाटणीचा करार दोन कंपन्यांमध्ये होतो खरा, पण दोन्ही बाजूंना मूळ कंपनीचीच माणसं बसलेली असतात. नव्या कंपनीच्या वतीने भांडणारं त्या खोलीत कोणी नसतं. मूळ कंपनीला हवं असेल तर ती नव्या कंपनीला मोठं कर्ज काढायला लावून ते पैसे लाभांश म्हणून स्वतःकडे घेऊ शकते. हे बेकायदा नाही आणि सर्रास होतं.

व्हेरायझन या अमेरिकी टेलिफोन कंपनीने २००६ च्या अखेरीस टेलिफोन निर्देशिकांचा, म्हणजे यलो पेजेसचा धंदा आयडिआर्क या नावाने वेगळा काढला, सुमारे ९ अब्ज डॉलर कर्जासह. लोक इंटरनेटवर पत्ते शोधू लागले होते, जाहिराती आटत होत्या. मार्च २००९ मध्ये आयडिआर्क दिवाळखोरीत गेली. कर्ज देणारे न्यायालयात गेले, पण निकाल व्हेरायझनच्या बाजूने लागला: विभाजनाच्या वेळी कंपनीची पत शाबूत होती, असं न्यायालयाने मानलं.

कर्जापेक्षाही वाईट म्हणजे जुनी दायित्वं. केर-मॅकगी ही तेल आणि वायू उत्पादक कंपनी. तिच्या नावावर अनेक दशकांच्या प्रदूषणाची साफसफाई थकलेली होती. तिने टायटॅनियम डायऑक्साइडचा रासायनिक व्यवसाय ट्रोनॉक्स या नावाने मार्च २००६ पर्यंत पूर्ण वेगळा केला आणि ते सगळं जुनं प्रदूषणही त्याच्याबरोबर धाडलं. तेल-वायूचा ‘स्वच्छ’ झालेला उरलेला भाग विकत घेण्याचा करार ॲनाडार्कोने काही महिन्यांतच केला. ट्रोनॉक्स जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. या वेळी मात्र न्यायालयाने ही वाटणी मान्य केली नाही. २०१४ मध्ये ५.१५ अब्ज डॉलरची तडजोड झाली. पर्यावरणाच्या साफसफाईसाठी अमेरिकी सरकारला तोवर मिळालेली ती सर्वांत मोठी वसुली होती. तेवढे पैसे मिळाले म्हणून त्या जमिनींची आणि तिथे राहणाऱ्या लोकांची मधली वर्षं भरून आली असं नाही.

पीबॉडी या कोळसा कंपनीने २००७ मध्ये पॅट्रियट कोल वेगळी काढली. निवृत्त खाणकामगारांच्या उपचारखर्चाचं मोठं ओझं पॅट्रियटकडे आलं. २०१२ मध्ये ती दिवाळखोरीत गेली आणि ज्यांनी हयात खाणीत घालवली त्यांना आपल्या उपचारांसाठी रस्त्यावर उतरावं लागलं. हनीवेलने २०१८ मध्ये गॅरेट मोशन ही टर्बोचार्जर बनवणारी कंपनी बाहेर काढताना तिच्यावर एक अट घातली: ॲस्बेस्टॉसमुळे आजारी पडलेल्यांच्या हनीवेलवरील दाव्यांपोटी वर्षाला १७.५ कोटी डॉलरपर्यंत रक्कम तिने तीस वर्षं भरायची. दोन वर्षांत गॅरेटही दिवाळखोरीच्या न्यायालयात पोहोचली. एप्रिल २०२१ मध्ये त्यातून सावरून बाहेर आली.

या प्रत्येक कंपनीचं उत्पादन चालू होतं, ग्राहक होते, कामगार राबत होते. जन्मतःच लादलेला बोजा मात्र त्यांना पेलला नाही.

म्हणजे कर्जासह जन्मलेली कंपनी टाळावीच का?

तसं नाही. जीएसके या औषध कंपनीपासून जुलै २०२२ मध्ये वेगळ्या झालेल्या हॅलिऑनवर सुरुवातीला तिच्या वार्षिक कमाईच्या, म्हणजे एबिटडाच्या (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीच्या नफ्याच्या), जवळपास चौपट कर्ज होतं. पण टूथपेस्ट आणि डोकेदुखीच्या गोळ्या मंदीतही विकल्या जातात, त्यामुळे ते हळूहळू कमी करता आलं. कर्जाचा आकडा एकटा बघू नये; ज्या कमाईतून तो फेडायचा ती किती भरवशाची आहे, हे त्याच्या शेजारी मांडून बघावं. आयडिआर्कची कमाई आटत चालली होती, हॅलिऑनची नव्हती.

रोखेधारकांना, म्हणजे कंपनीला कर्ज देणाऱ्यांना, विभाजनाचा त्रास होतो का?

होऊ शकतो. ऑक्टोबर १९९२ मध्ये मॅरियटने जाहीर केलं की हॉटेलं चालवण्याचा फायद्याचा व्यवसाय एका कंपनीत जाईल आणि हॉटेलांच्या मालमत्ता व बहुतांश कर्ज दुसऱ्या कंपनीत राहील. शेअर वधारला, रोखे कोसळले. दोघांनी पैसे एकाच कंपनीत गुंतवले होते, पण एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात मूल्य सरकलं. रोखेधारक न्यायालयात गेले आणि काही सवलती मिळवूनच शांत झाले. भागधारकाला झालेला लाभ कुठून आला, हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो. कधी तो चांगल्या कारभारातून येतो, तर कधी कर्जदाते, कर्मचारी किंवा सरकारी तिजोरीच्या पदरातून.

दोन कंपन्या चालवायला खर्च जास्त येत नाही का?

येतो. दोन संचालक मंडळं, दोन लेखापरीक्षणं, दोन संगणक यंत्रणा, दोन विमा करार. एकत्र असताना कच्च्या मालाच्या घाऊक खरेदीत मिळणारी सूट कमी होते. जनरल इलेक्ट्रिकने आपल्या विभाजनाचा एकरकमी खर्च सुमारे २ अब्ज डॉलर येईल असा अंदाज दिला होता.

याखेरीज एक छुपा खर्च असतो. मुख्यालय दहा विभागांसाठी बांधलेलं असतं. त्यातले चार गेले तरी इमारत, वकील, हिशेबनीस तेवढेच राहतात आणि त्यांचा भार उरलेल्या सहांवर पडतो. हा अडकलेला खर्च कमी करायला कंपनीला दोन-तीन वर्षं सहज लागतात. त्या काळात मूळ कंपनीचा नफा अपेक्षेपेक्षा कमी दिसतो. नवी कंपनीही पहिली एक-दोन वर्षं पगारवाटप, संगणक, गोदामं यांसाठी मूळ कंपनीवर अवलंबून असते; त्यासाठी दोघींत तात्पुरत्या सेवांचा करार होतो. तो संपण्याची तारीख जवळ आली की नव्या कंपनीची खरी परीक्षा सुरू होते.

एक गोष्ट हिशेबात कुठेच दिसत नाही: वरिष्ठांचं लक्ष. घोषणेपासून विभाजनापर्यंत वर्ष-दीड वर्ष सगळे वाटणीत गुंतलेले असतात आणि स्पर्धक थांबून राहत नाहीत.

अडचणीत आधार देणारं मोठं घर गेलं, याचा फटका बसतो का?

बसतो, आणि तो चांगल्या दिवसांत कळत नाही. सीमेन्स एनर्जी सप्टेंबर २०२० मध्ये वेगळी झाली. तिच्या पवनचक्क्यांच्या व्यवसायात दोष निघाले, तोटा वाढला. मोठ्या प्रकल्पांसाठी ग्राहकांना बँक हमी लागते. सीमेन्सच्या पंखाखाली ती सहज मिळायची. नोव्हेंबर २०२३ मध्ये १५ अब्ज युरोंच्या हमी उभ्या करताना जर्मन सरकारला त्यातल्या साडेसात अब्जांना पाठबळ द्यावं लागलं. पुढे विजेची मागणी वाढली, कंपनी सावरली आणि शेअर कितीतरी पटींनी वर गेला. दोन्ही गोष्टी एकाच कंपनीच्या आहेत, म्हणून ते उदाहरण मला शिकण्याजोगं वाटतं.

कर लागतो का?

बहुतेक देशांत अटी पाळल्या तर विभाजनाच्या वेळी लागत नाही, आणि मोठ्या कंपन्यांना विक्रीपेक्षा हा मार्ग आवडण्याचं ते एक प्रमुख कारण आहे. अमेरिकेतल्या अटी कडक आहेत: मूळ कंपनीने नव्या कंपनीवरचा किमान ८० टक्के ताबा वाटला पाहिजे, दोन्हीकडे किमान पाच वर्षं चालू असलेला प्रत्यक्ष धंदा हवा आणि कर वाचवण्यापलीकडचं व्यावसायिक कारण हवं. विभाजनाच्या आगेमागे दोन वर्षांत कंपनीचा ताबा दुसऱ्याकडे गेला तर तो आधीच ठरलेला बेत होता असा संशय घेतला जातो.

याहूने अलिबाबातले आपले शेअर असेच वेगळे काढायचं ठरवलं होतं. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकी करखात्याने आगाऊ संमती द्यायला नकार दिला आणि अब्जावधी डॉलरच्या कराच्या भीतीने डिसेंबरमध्ये बेत रद्द झाला.

भागधारकाने स्वतःसाठी एक काम करायचं असतं: मूळ खरेदी किंमत दोन्ही शेअरमध्ये विभागून लिहून ठेवायची. त्याचं प्रमाण कंपनी जाहीर करते. हे राहून गेलं तर काही वर्षांनी विकताना नफ्याचा हिशेब लागत नाही.

कर्मचाऱ्यांचं काय होतं?

कोण कुठे जाणार हे बहुधा वरून ठरतं. ज्यांचं काम एकाच व्यवसायाशी जोडलेलं आहे त्यांचं सरळ असतं. हिशेब, मनुष्यबळ, कायदा अशा सामायिक विभागांतले लोक महिनोन्महिने अधांतरी राहतात. ह्यूलेट-पॅकर्डने १ नोव्हेंबर २०१५ रोजी दोन कंपन्या होण्याच्या काही आठवडे आधी २५ ते ३० हजार नोकऱ्या कमी करणार असल्याचं जाहीर केलं होतं. दुसऱ्या बाजूला, मोठ्या समूहात दुय्यम मानल्या गेलेल्या विभागातल्या माणसांना स्वतंत्र कंपनीत वर जायची वाट मिळते, हेही मी तितक्याच खात्रीने सांगेन.

आपली कंपनी विभागली जाणार असेल तर तीन प्रश्न लेखी विचारावेत. माझी आधीची नोकरीची वर्षं नव्या कंपनीत धरली जातील का? निवृत्तिनिधीत आजवर जमा झालेली रक्कम कोणाच्या जबाबदारीत राहील आणि तो निधी पूर्ण भरलेला आहे का? मिळालेल्या शेअर पर्यायांचं (ठरल्या भावाने शेअर घेण्याच्या हक्कांचं) रूपांतर कोणत्या प्रमाणात होईल? पॅट्रियटच्या खाणकामगारांचा अनुभव पाहता दुसरा प्रश्न विचारायला अजिबात कचरू नये.

वेगळ्या झालेल्या कंपन्या पुन्हा एकत्र येतात का?

मूळ कंपनीकडेच परतणं दुर्मीळ, पण तिसऱ्याकडे जाणं नेहमीचं. ॲबटने २००४ मध्ये काढलेली हॉस्पिरा २०१५ मध्ये फायझरने घेतली. क्राफ्टचं २०१२ मध्ये विभाजन झालं आणि त्यातून निघालेली किराणा मालाची कंपनी २०१५ मध्ये हाइन्झमध्ये विलीन झाली. सगळ्यांत चमत्कारिक कथा एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीची: मक्तेदारीच्या खटल्यामुळे १ जानेवारी १९८४ पासून तिच्या स्थानिक सेवेच्या सात कंपन्या झाल्या आणि २००५ मध्ये त्या सातांपैकीच एकीने उरलेली एटी अँड टी विकत घेऊन तिचं नाव स्वतःला लावलं.

घोषणा झाल्यावर नेमकं काय वाचावं?

सादरीकरण नाही, माहितीपत्रक. त्यात नव्या कंपनीचे स्वतंत्र हिशेब असतात. आधी जोखमींचं प्रकरण, मग कर्ज आणि ते काढून मूळ कंपनीला किती पैसे जाणार ते, मग नुकसानभरपाईची कलमं, म्हणजे जुन्या खटल्यांचे आणि प्रदूषणाचे पैसे कोण भरणार. कंटाळवाणी पानं आहेत, पण ट्रोनॉक्सची गोष्ट अशाच पानांत होती.

मग माणसं बघावीत. समूहातले कर्तबगार अधिकारी कोणत्या कंपनीत जायला तयार झाले? नव्या कंपनीच्या प्रमुखाचं मानधन कशाशी बांधलंय? मूळ कंपनीने काही हिस्सा स्वतःकडे ठेवला आहे का, आणि ती तो कधी विकणार? जनरल इलेक्ट्रिकने जीई हेल्थकेअरचा सुमारे २० टक्के हिस्सा स्वतःकडे ठेवून पुढे टप्प्याटप्प्याने विकला. असे मोठे गठ्ठे बाजारात येणार असतील तर ते आधी माहीत असलेलं बरं.

मिळालेले शेअर ठेवावेत की विकावेत?

पहिल्या आठवड्यात, निव्वळ भाव हलला म्हणून, दोन्हीही करू नये. वरची कागदपत्रं वाचून हाच शेअर आज पैसे देऊन घेतला असता का, असं स्वतःला विचारावं. उत्तर नाही असेल तर तो आपोआप मिळाला म्हणून सांभाळण्याचं काही कारण नाही.

प्रमाणानुसार अडीच शेअर येत असतील तर अर्ध्याचं काय?

असे सगळ्या भागधारकांचे अपूर्णांक एकत्र करून बाजारात विकले जातात आणि ज्याच्या त्याच्या वाट्याची रक्कम खात्यात जमा होते. ती छोटी असली तरी बहुतेक ठिकाणी विक्रीतून आलेली रक्कम म्हणून कराच्या हिशेबात धरावी लागते.